आकाशगंगेतील मौनाचा अर्थ

आकाशगंगेत इतरत्र बुद्धिमान जीव आहेत काय, हा प्रश्न विज्ञानकथांतून वेधशाळेत आला तो एप्रिल १९६० मध्ये. अमेरिकेतील ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या दहा-बारा प्रकाशवर्षांवरील ताऱ्यांकडे रोखली. हाती काही लागले नाही. पुढच्याच वर्षी त्याने संदेशक्षम संस्कृतींची संख्या काढण्यासाठी सात घटकांचा एक गुणाकार मांडला.

त्या वेळी सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह ज्ञात नव्हता. आज अशा सहा हजारांहून अधिक ग्रहांची नोंद आहे. ग्रहांचा दुष्काळ नाही, हे आता स्पष्ट झाले. जीवसृष्टी किती सहज उद्भवते, हे मात्र अद्याप गूढच आहे. त्याहून अवघड आहे तो शेवटचा घटक : तंत्रज्ञान हाती आलेली संस्कृती टिकते किती काळ? आकाशगंगेचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक. अमावास्येच्या रात्री दोन काजवे एकेकदाच चमकले, तर ते एकमेकांना दिसणार कसे? मानवाचे रेडिओयुग तर जेमतेम सव्वाशे वर्षांचे.

‘मग ते सारे आहेत कुठे?’ हा एन्रिको फर्मी यांचा १९५० मधील प्रश्न पुष्कळांना निर्णायक वाटतो. परंतु शांततेवरून अभावाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आजवरचा शोध म्हणजे पृथ्वीवरील महासागरांच्या तुलनेत एका छोट्या तरणतलावाएवढे पाणी तपासण्यासारखे आहे, असा हिशेब २०१८ मधील एका अभ्यासात मांडण्यात आला.

शिवाय क्षीण संदेश टिपणे सोपे नसते. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘स्कियापरेली’ यानाचे संकेत पकडले. पण तेव्हा दिशा, वेळ आणि वारंवारता तिन्ही आधीच ठाऊक होत्या. परक्या संस्कृतीच्या बाबतीत यांपैकी एकही ठाऊक नाही.

पृथ्वीवरूनही नोव्हेंबर १९७४ मध्ये अरेसिबो येथून सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे दूरच्या एम-१३ या तारकागुच्छाकडे तीन मिनिटांहूनही छोटा संदेश धाडण्यात आला. त्याने आतापर्यंत जेमतेम पन्नास प्रकाशवर्षांची वाट कापली आहे. तो धाडणारी दुर्बीण मात्र डिसेंबर २०२० मध्येच कोसळली.