साखळी करवतीची निगा

निफाड तालुक्यातील विंचूर हे रहदारीचे व कांद्याच्या बाजाराचे गाव. अशा गावी पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेची वाळलेली, धोकादायक झाडे उतरविणे अगत्याचे ठरते. कुऱ्हाडीच्या जोडीला आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आली आहे. तिने काम झपाट्याने होते. मात्र बोथट साखळी कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

धार ओळखण्याची खूण सोपी आहे. धारदार साखळी लाकडाचे कपचे काढते. बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. मग कामगार करवत जोराने दाबतो, थकतो आणि तिच्यावरील त्याचा ताबा सुटतो. म्हणून इंजिन बंद करून, गोल कानशीने प्रत्येक दाताला सारख्याच कोनात धार द्यावी. साखळीचा ताण, तेल व ब्रेक रोज तपासावा.

झाड पाडताना ज्या बाजूस ते पाडावयाचे, तेथे प्रथम खाच घ्यावी. मागील काप तिच्याहून किंचित वर घ्यावा व मधे न कापलेला पट्टा राखावा. तोच झाडाला दिशा देतो.

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमान्वये अनुसूचित वृक्षांसाठी परवानगी लागते. ग्रामपंचायतीने ती परवानगी जशी पाहावी, तसाच करवतीखालचा भुसाही पाहावा.