दिवा गेला, म्हणजे नेमके काय गेले?

वर्गातला एलईडी दिवा बंद पडला की आपण नवा आणतो आणि जुना कचऱ्यात टाकतो. टाकण्यापूर्वी एक प्रश्न विचारू या. त्यातले नेमके काय बिघडले?

वस्तूचे आयुष्य दुकानात सुरू होत नाही आणि कचरापेटीत संपत नाही. खाणीतून कच्चा माल काढणे, वस्तू घडवणे, वाहून नेणे, वापरणे आणि विल्हेवाट लावणे, या साऱ्या टप्प्यांना मिळून तिचे जीवनचक्र म्हणतात. प्रत्येक टप्प्याचा हिशेब मांडला, तरच पर्यावरणावर पडणारा खरा भार कळतो.

दिव्यापुरता हा हिशेब करून पाहू. ६० वॅटचा जुना तंतूचा बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण सारखाच प्रकाश देतात. बल्ब सुमारे १,००० तास टिकतो. एलईडी १५,००० तास टिकेल असे धरू. तेवढ्या काळात १५ बल्ब लागतील आणि ते ९०० युनिट वीज खातील. एलईडीला १३५ युनिट पुरतील. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या २०१२ सालच्या अभ्यासातही दिव्याच्या जीवनचक्रातली सुमारे ९० टक्के ऊर्जा वापराच्या टप्प्यातच खर्च होताना दिसली. म्हणून २०१५ पासून 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, हे योग्यच झाले.

पण एका टप्प्यावरचा भार कमी करताना दुसऱ्या टप्प्यावरचा वाढू शकतो. सीएफएलने वीज वाचवली. मात्र तिच्या नळीत काही मिलिग्रॅम पारा असे. नळी फुटली की तो बाहेर. एलईडीत पारा नाही. मात्र त्यात घरातल्या विजेचे रूपांतर करणारे छोटे मंडल असते. उष्णतेने त्यातला कपॅसिटर अनेकदा निकामी होतो. कधी एकसरीत जोडलेल्या एलईडींपैकी एकच जळतो आणि सगळी माळ विझते. बाकीचे भाग धडधाकट असतात, पण सारे एकत्र बंद केलेले असल्याने पूर्ण दिवाच टाकावा लागतो.

आता जुनी ट्यूबलाइट आठवा. तिच्या नळीतही पारा असतो आणि चोक स्वतःही वीज खातो. तरी स्टार्टर गेला तर फक्त स्टार्टर बदलता येतो. नळी, चोक, पट्टी तशीच राहते. हा गुण आपोआप आलेला नाही; तो आराखड्यातच आहे. वस्तू उघडता येईल का, सुटा भाग मिळेल का, हे कागदावर रेघ ओढतानाच ठरते. नंतर ग्राहकाच्या हाती फारसे उरत नाही.

एक उपक्रम सुचवतो. शाळेत नवा दिवा लावताना त्यावर तारीख लिहा. रोज पाच तास वापरला, तर १५,००० तास भरायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तो दोनच वर्षांत गेला, तर वीज वाचेलच, पण कचरा चौपट होईल. बंद पडलेले दिवे ई-कचरा म्हणून वेगळे ठेवा आणि नोंदी आम्हाला जरूर कळवा.