पुणेरी पलटणचा विजयी हंगाम

प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाला. 12 संघ, प्रत्येकाचे 22 साखळी सामने. तेव्हा विजयाला 5 गुण, बरोबरीला 3 आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास 1. पुणेरी पलटणने 17 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले आणि फक्त 2 गमावले. तेही थोडक्यात, म्हणून बेरीज भरली 96. त्या हंगामात पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरी मिळाली, पुढच्या चौघांना आधी बाद सामना खेळावा लागला.

कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचा. प्रशिक्षक बी. सी. रमेश. बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलू. पलटणने त्याच्यासाठी 2.35 कोटी रुपये मोजले होते आणि त्याने ते पुरेपूर वसूल करून दिले.

उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सचा 37-21 असा फडशा पडला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्धची अंतिम लढत मात्र अखेरपर्यंत अटीतटीची राहिली. मध्यंतराच्या थोडे आधी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि पलटणला आघाडी मिळाली. ती पुढे सुटली नाही. निकाल 28-25. आदल्या हंगामात जयपूरकडून अंतिम फेरीत 33-29 अशी हार पत्करलेल्या पलटणचे हे पहिलेच विजेतेपद.