कुंटाला धबधबा : एका दिवसाची सहल

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा लागतो. पुढे निर्मलच्या वाटेवर नेरडिगोंडा येथून सुमारे १२ किलोमीटर आत, डोंगराळ अरण्यात कुंटाला धबधबा आहे. गोदावरीस मिळणारी कडम नदी येथे सुमारे १४७ फूट खाली कोसळते. शिदोरी घेऊन सकाळी निघालेल्या कुटुंबास सायंकाळपर्यंत परतता येते. तळाशी जाण्यास पायऱ्या असल्या तरी त्या पुष्कळ आहेत. वृद्धांनी वरूनच दृश्य पाहिलेले बरे. जवळच्या सोमेश्वराच्या दर्शनास महाशिवरात्रीला भाविक जमतात. शकुंतलेवरून हे नाव पडल्याची आख्यायिका आहे. तेलुगूत मात्र ‘कुंटा’ म्हणजे तळे, आणि हीच व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते.

ऐन पावसाळ्यात धबधबा भव्य दिसतो, परंतु तोच काळ धोक्याचा. येथील डोहांत बुडून अनेकांनी प्राण गमावले आहेत. वरून शांत दिसणारे पाणी एकाएकी खोल होते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. शिवाय वरच्या खोऱ्यात पाऊस झाल्यास येथे ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी आश्विन-कार्तिकात जावे. तेव्हा पाणी बरेच असते व वाटा कोरड्या होऊ लागतात. शाळेच्या सहलीत शिक्षकांनी एकाही मुलास डोहात उतरू देऊ नये.