टल्साहून पत्र : न जुळणाऱ्या नंबरांची किंमत

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, बंदुकांचा बाजार भरतो. अकरा एकर एकाच छताखाली आणि टेबलं चार हजारांवर. आपल्याकडे एका रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी वर्षभर खेटे घालणारे लोक मला माहीत आहेत. इथे बाबागाडी ढकलत जोडपी हिंडतात. पुण्याच्या जुन्या बाजारात नाणी चिवडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच इथल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर दिसतो.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलाशी मी सकाळभर बसलो. पहिला आला तो लोकरी मोजा घेऊन. मोज्यात आजोबांचं रिव्हॉल्व्हर. ‘स्मिथ अँड वेसन आहे,’ तो छाती फुगवून म्हणाला. म्हाताऱ्याने भिंग लावलं. नळीवर ते नाव होतं खरं, पण त्याच्या मागे-पुढे आणखी बारीक अक्षरं होती : त्या कंपनीच्या काडतुसांसाठी योग्य, एवढाच त्यांचा मतलब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एइबार गावातून अशा नकला ढिगाने बाहेर पडल्या. म्हाताऱ्याने शंभर डॉलर सांगितले. मोजा पुन्हा खिशात गेला.

‘दुर्मीळ चूक’ घेऊन येणारेही बरेच. शिक्का वाकडा पडलाय, आकडा दोनदा उठलाय. कारखान्यात अशा चुका होत, पण आकडे ठोकायचे पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. म्हणून म्हातारा आधी पॉलिश बघतो. पुन्हा पॉलिश केलेल्या रिव्हॉल्व्हरवर स्क्रूच्या भोकांच्या कडा घासून खोलगट होतात, अक्षरं पुसट होतात. जुन्या स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि चापसुद्धा निकेलने चमकत असेल, तर ते काम बहुधा बाहेरचं. हौसेने चकाकवलेल्या मालाची किंमत इथे निम्म्यावर येते. आपल्याकडे जुनी समई घासून ठेवली की गिऱ्हाईक खूश होतं, इथे उलट.

मग त्याने स्वतःचं कोल्ट पुढे केलं. 1873 सालचं मॉडेल, अमेरिकन लष्कराचं. सांगाड्यावर एक नंबर, चाप झाकणाऱ्या कमानीवर दुसरा, मुठीच्या पट्टीवर तिसरा. मला वाटलं, भंगारातून जोडलेलं. तो हसला. घोडदळासाठी घेतलेल्या या रिव्हॉल्व्हरांची नळी साडेसात इंच होती. 1890 च्या दशकात लष्कराने ती हजारोंनी परत मागवली आणि नळ्या कापून साडेपाच इंचाच्या केल्या. काम करताना सुटे भाग वेगळे काढले, आणि परत जोडताना कुणाचा भाग कुणाला गेला याची फिकीर कुणी केली नाही. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’ म्हणतात. एरवी नंबर न जुळले की किंमत कोसळते, इथे मात्र ते न जुळणं हाच सच्चेपणा. किंमत काही हजार डॉलर.

शिवाय कागद. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्याही बऱ्याच जुन्या वह्या शाबूत आहेत. पैसे भरले की अमुक नंबरचं रिव्हॉल्व्हर कधी, कोणाकडे रवाना झालं याचं पत्र मिळतं. या देशाला आपला इतिहास छोटा आहे याची थोडी लाज वाटते असं मला नेहमी वाटतं. म्हणूनच बहुधा तो पावतीसकट जपतात. कायदाही तारखेचाच : 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ ठरतं आणि बंदुकीच्या बहुतेक नियमांतून सुटतं. 1899 चं सुटत नाही. भाव त्या एका वर्षाने हलतो.

उठताना विचारलं, नंबर सगळे जुळणारं आर्टिलरी कुणी आणलं तर?

‘आधी नळीचं टोक बघीन,’ तो म्हणाला, ‘मग विकणाऱ्याचं तोंड.’