सौर वाऱ्याच्या वाटेवरचे अडथळे

सूर्याभोवतीचे प्रभामंडल इतके तप्त असते की, तिथला वायू सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता सतत बाहेर पडत राहतो. मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा हा प्रवाह म्हणजे सौर वारा. धूमकेतूंच्या शेपट्यांवरून लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये त्याचा अंदाज बांधला, युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये सिद्धांत मांडला आणि शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने १९६२ मध्ये हा वारा सलग मोजला. पृथ्वीपाशी त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर असतो. तो विरळ असला, तरी सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो. त्यामुळे वाटेत काय आडवे येते, यावर त्याची पुढची चाल ठरते.

चंद्राला ना दाट हवा, ना सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र. तिथे वारा थेट जमिनीवर आदळतो आणि चंद्रामागे जवळजवळ रिकामी पोकळी उरते.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मात्र त्याला सूर्याच्या बाजूला सुमारे ६० ते ६५ हजार किलोमीटरवरच थोपवते. वाऱ्याचा वेग त्यातल्या तरंगांहून जास्त असल्याने पुढच्या अडथळ्याची वर्दी त्याला आधी मिळत नाही. म्हणून वेगवान होडीच्या नाळेपुढे लाट उठावी, तसा पृथ्वीपुढे कमानदार आघाततरंग तयार होतो. तिथे वारा मंदावतो, तापतो आणि दोन्ही अंगांनी वळून जातो. मागच्या बाजूला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रदेश, म्हणजे चुंबकावरण, ताणले जाऊन त्याची शेपटी चंद्राच्या कक्षेपलीकडे जाते.

शुक्राला स्वतःचे असे चुंबकीय क्षेत्र नाही. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, तिथे ढालीचे काम करतो. मंगळावरही बव्हंशी हेच घडते. मात्र त्याच्या कवचात जागोजागी जुने चुंबकत्व शिल्लक आहे. वारा मंगळाच्या हवेतले आयन ओढून नेतो, हे २०१४ पासून मावेन यानाने दाखवून दिले.

धूमकेतूचा गाभा जेमतेम काही किलोमीटरांचा. पण सूर्याजवळ आल्यावर त्यातून निघणारा वायू लाखो किलोमीटर पसरतो. या वायूचे आयन होऊन वाऱ्यात मिसळतात, तसा तो जड आणि मंद होतो. चुंबकीय रेषा धूमकेतूभोवती लपेटल्या जातात आणि आयनांची निळसर शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला निघते. १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेल्या जॉत्तो यानाला गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र नसलेली पोकळीही सापडली. रोझेटा यानाने २०१५ मध्ये ६७पी धूमकेतूपाशी त्याहून पुढची गोष्ट नोंदवली: धूमकेतू सर्वाधिक सक्रिय असताना कित्येक महिने यानाच्या आसपास सौर वाऱ्याचे आयन आढळलेच नाहीत.