मोटारीची नियंत्रणे आणि इंधनाची काटकसर : एक ऊर्जाविषयक विवेचन

बीजसंज्ञा : ॲक्सिलरेटर, गिअर, क्लच, गतिज ऊर्जा, न्यूट्रल, इंधन-बचत, घाटरस्ता

प्रस्तावना :
आपल्या महाविद्यालयांतील अनेक अध्यापक दररोज पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास मोटारीने करतात. घरखर्चात पेट्रोलचा वाटा मोठा असतो आणि म्हणूनच स्टाफरूममध्ये 'तुमची गाडी किती देते?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा गाडीच्या कंपनीत आणि मॉडेलमध्ये शोधतो. वास्तविक एकच गाडी, एकच रस्ता, पण चालक बदलला की सरासरी बदलते, हा अनुभव आळीपाळीने गाडी आणणाऱ्या सहकाऱ्यांना असतो. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ वैयक्तिक खर्चापुरता उरत नाही. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था इंधन-बचतीचा प्रसार करते तो याच कारणासाठी.

तथापि काटकसरीच्या नावाखाली काही धोकादायक समजुतीही आपल्याकडे रूढ आहेत. प्रस्तुत लेखिका भौतिकशास्त्राची अध्यापिका आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका उजळणी वर्गाहून परतताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बोरघाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं, मॅडम?" असे ते सहज म्हणाले. निम्मा घाट उतरेपर्यंत गाडीत जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले. सुदैवाने रस्त्याकडेला थांबता आले आणि चाके थंड होईपर्यंत पाऊण तास आम्ही तेथेच उभे राहिलो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दरवर्षी शिकवणारी मी त्या वेळी गप्प बसले होते. प्रस्तुत लेखात मोटारीच्या नियंत्रणांमागील ऊर्जेचा हिशेब स्पष्ट करण्याचा आणि खरी काटकसर कोठे आहे हे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन हाताने गिअर बदलावयाच्या लहान पेट्रोल मोटारीपुरते मर्यादित आहे.

१. इंधनाची ऊर्जा कोठे जाते?
वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिन त्यातील साधारण चतुर्थांश भागच चाकांसाठी उपयोगी पाडते असे धरू. उरलेली ऊर्जा उष्णतारूपाने रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. म्हणजे एका लिटरमागे सुमारे साडेसात मेगाज्यूल ऊर्जा आपल्या हाती येते. ती तीन कामांसाठी खर्च होते : टायरांचा रोध, हवेचा रोध आणि गाडीला गती देणे.

पहिल्या दोन कामांचा खर्च टाळता येत नाही, फक्त कमी करता येतो. तिसऱ्या कामात खर्च झालेली ऊर्जा मात्र गाडीत गतिज ऊर्जेच्या रूपाने साठून राहते. ब्रेक दाबला की हा साठा उष्णता होऊन हवेत जातो. माणसांसह १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १३९ किलोज्यूल असते. या वेगावरून ब्रेक दाबून गाडी थांबवली आणि पुन्हा त्याच वेगाला आणली, की सुमारे १८ मिलिलिटर इंधन खर्ची पडते. असे ५४ वेळा केले की एक लिटर इंधन संपते. लिटरला १०० रुपये धरले, तर प्रत्येक वेळी पावणेदोन रुपयांहून अधिक रक्कम ब्रेकमध्ये जळते. वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर हीच रक्कम पावणेदोन पटींहून अधिक होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पैसे ॲक्सिलरेटर दाबताना खर्च होतात, पण ते वाया गेल्याचे ब्रेक दाबताना निश्चित होते.

२. ॲक्सिलरेटर आणि दृष्टी
म्हणून काटकसरीचे पहिले साधन म्हणजे चालकाची दृष्टी होय. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहत गाडी चालवणाऱ्यास ब्रेक वारंवार लागतो. दोन-तीनशे मीटर पुढे पाहणाऱ्यास सिग्नल लाल आहे, एस.टी. थांब्यावर उभी आहे किंवा गावाच्या वेशीवर गतिरोधक आहे, हे आधीच दिसते. तो त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. गाडीत साठलेली गतिज ऊर्जाच तिला उर्वरित अंतर नेते आणि ब्रेक अखेरीस थोडासाच लागतो. पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखणे यासाठी आवश्यक आहे. ते अंतर सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण त्यामुळे पुढच्याने वेग कमी-जास्त केला तरी आपणास प्रत्येक वेळी ब्रेक दाबावा लागत नाही.

वेगाचा विचारही येथेच करावयास हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला, तर हा रोध सुमारे पावणेतीन पट होतो. ३० किलोमीटरच्या अंतरात या वेगामुळे बारा मिनिटे वाचतात, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच. टपावर सामानाचे रिकामे कॅरिअर कायम ठेवणे म्हणजे हाच रोध विनाकारण वाढवणे होय.

३. गिअर आणि क्लच
पेट्रोल इंजिनावर भार कमी असतो तेव्हा हवा आत घेण्याची झडप बरीचशी मिटलेली असते आणि त्या अरुंद वाटेने हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्च होते. शिवाय इंजिनाचे फेरे जितके जास्त तितके अंतर्गत घर्षणही जास्त. म्हणून समान वेगाला वरचा गिअर किफायतशीर ठरतो. सपाट रस्त्यावर सामान्यतः मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान पुढचा गिअर टाकणे इष्ट असते. परंतु याचाही अतिरेक नको. चौथ्या गिअरमध्ये चढावर गाडी थरथरू लागली किंवा इंजिनातून ठोके ऐकू आले, तर खालचा गिअर टाकणे हीच काटकसर होय.

क्लच हे इंजिन व चाके यांना काही क्षण वेगळे करण्याचे साधन आहे. पाय विसावण्याची ती जागा नाही. पाय सतत पेडलवर राहिल्यास क्लच प्लेट किंचित घसरत राहते, ऊर्जा उष्णतेत जाते आणि प्लेट झिजते. चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय अशीच खर्चिक आहे. अशा वेळी हँडब्रेक ओढावा आणि निघताना क्लच सावकाश सोडत तो उतरवावा. क्लच प्लेट बदलण्याचा खर्च अनेक महिन्यांत वाचवलेल्या पेट्रोलहून अधिक होऊ शकतो.

४. न्यूट्रलचा समज आणि वस्तुस्थिती
आता मूळ प्रश्नाकडे वळू. उतारावर न्यूट्रल टाकल्याने पेट्रोल वाचते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. कार्ब्युरेटर हे यांत्रिक साधन होते. इंजिन फिरत असले, की हवेच्या ओढीबरोबर थोडेफार पेट्रोल त्यातून जात असेच. त्यामुळे गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन वेगाने फिरू दिले तर इंधन जाई. त्या पिढीने आपल्या अनुभवावरून न्यूट्रलचा निष्कर्ष काढला. इंधनाच्या दृष्टीने त्यात काही तथ्य होते, सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र तेव्हाही नव्हते.

देशात २००० साली 'इंडिया २०००' ही प्रदूषण-मानके लागू झाल्यानंतरच्या काळात कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्टर सर्वत्र आले. इंजेक्टरवर संगणकीय नियंत्रण असते. गाडी गिअरमध्ये असून चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असले, तर हे नियंत्रण इंधनाचा पुरवठाच थांबवते. त्या वेळी चाके इंजिनाला फिरवत असतात. इंधन खर्च शून्य असतो. फेरे कमी होऊन इंजिन बंद पडण्याच्या बेतात येण्यापूर्वी पुरवठा आपोआप पुन्हा सुरू होतो.

न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आधार तुटतो आणि इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी पेट्रोल लागते. लहान गाडीसाठी हा खर्च ताशी साधारण अर्धा ते पाऊण लिटर असतो. घाट उतरण्यास वीस मिनिटे लागली, तर न्यूट्रलमध्ये सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल जळते, तर गिअरमध्ये पाय सोडून उतरल्यास जवळजवळ काहीच नाही. सौम्य उतारावर न्यूट्रलमधील गाडी अधिक दूर घरंगळते हे खरे. पण घाटात दूर जाण्याचा प्रश्न नसतो, वेग आवरण्याचा असतो.

हा वेग आवरण्याचा भारही मोजून पाहावा. लोणावळा-खंडाळ्याचा माथा आणि खोपोली यांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक आहे. १,००० किलोग्रॅमची गाडी हा घाट उतरते तेव्हा सुमारे ५.४ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने १६ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. यातील काही वाटा टायर आणि हवा उचलतात. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये असेल, तर मोठा वाटा इंजिनाचा रोध उचलतो. न्यूट्रलमध्ये तो सर्व भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळू लागल्यास पेडल दाबूनही दाब पोहोचत नाही. आमच्या गाडीत जाणवलेला वास आणि खाली जाणारे पेडल यांचा अर्थ हाच होता.

उतारावर इंजिनच बंद करणे त्याहून घातक आहे. मोटारीत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला, की हे साहाय्य संपते आणि पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंग जड होते. किल्ली काढल्यास ते कुलूपबंदही होऊ शकते. अवजड वाहनांतील हवेच्या ब्रेकसाठी लागणारा दाबही इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसरच निर्माण करतो. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात आढळल्याचे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. चार पैसे वाचवण्याच्या समजुतीची ही किंमत आहे.

यासाठी घाट उतरण्याचा जुना नियमच योग्य : ज्या गिअरने घाट चढावा, त्याच गिअरने तो उतरावा. ब्रेक सतत हलका दाबून न ठेवता थोडा वेळ ठामपणे दाबावा आणि सोडावा, म्हणजे तो थंड होण्यास अवसर मिळतो.

५. इतर सवयी
उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे ही मात्र खरी बचत आहे. सिग्नलवरील आकडे अर्ध्या मिनिटाहून अधिक प्रतीक्षा दाखवत असतील किंवा रेल्वे फाटक बंद असेल, तर इंजिन बंद करावे. सकाळी गाडी जागेवरच पाच-दहा मिनिटे तापवत ठेवण्याची आजच्या इंजिनास गरज नसते. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघून पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवावी. टायरमधील हवा टायर थंड असताना, चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर दिलेल्या आकड्यानुसार भरावी. कमी हवेमुळे टायरचा रोध वाढतो. वातानुकूलन यंत्र संथ गतीच्या गर्दीत प्रमाणाने अधिक इंधन खाते. तेथे शक्य असल्यास काचा उघडाव्यात, महामार्गावर मात्र त्या बंद ठेवणे श्रेयस्कर.

या सर्वांचा परिणाम स्वतः मोजता येतो. टाकी पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी तशीच पूर्ण भरून धावलेले अंतर भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच नोंदींची सरासरी घ्यावी. जुन्या नोंदींशी तुलना करताना वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सहा-सात टक्के कमी ऊर्जा असते, हेही ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :
मोटारीचे प्रत्येक नियंत्रण हे ऊर्जेचे एक दार आहे. ॲक्सिलरेटरने ऊर्जा आत येते आणि ब्रेकने बाहेर जाते. गिअर व क्लच तिचे वाटप करतात. ही दारे समजून उघडणारा चालक वेगळे कष्ट न घेता काटकसर करतो आणि प्रवाशांनाही कमी धक्के बसतात. जी सवय गाडीवरील ताबा सोडावयास लावते, ती बचत म्हणून कितीही सांगितली गेली तरी बचत नव्हे, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

घाटातील त्या पाऊण तासानंतर सदर सहकाऱ्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि एका ठिकाणी माझी बेरजेची चूक काढली. पुढच्या खेपेस घाटाच्या माथ्यावर मात्र काही न बोलता त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली. वर्गात शिकवलेला नियम रस्त्यावर उपयोगी पडलेला पाहण्याचे समाधान अध्यापकास क्वचित मिळते. सहकारी अध्यापकांनीही आपल्या वाहनावर हा पडताळा घ्यावा आणि विद्यार्थ्यांनाही तो घ्यावयास सांगावे, असे वाटते.